गोठवलेल्या सँडविचचा डबा: जून ते जानेवारी

पहिल्या रविवारी, १५ जून २०२५ ला, बारा सँडविचं करून फ्रीजरमध्ये टाकली. त्यातली नऊ खाण्याजोगी निघाली नाहीत. कशामुळे, हे कळायला आणखी पाच रविवार गेले. इंदूरच्या हवेत, साध्या घरगुती फ्रीजमध्ये हे जमवायचं असेल त्यांना निदान ते पाच रविवार वाचावेत, म्हणून तारीखवार लिहितेय.

हिशेब असा होता. डबे चार: दोन शाळेचे, दोन ऑफिसचे. शाळेची बस ६:५० ला, मधली सुट्टी १०:१५ ला, ऑफिसचं जेवण १:३० ला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सँडविच आणि बाकी दिवस पोळी-भाजी. म्हणजे आठवड्याला बारा.

खरं काम त्याच्याही आधी, ८ जूनला सुरू झालं, ते म्हणजे फ्रीजर मोजणं. फ्रीजमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर २५० रुपयांना मिळाला. तो फ्रीजरच्या मधोमध ठेवून रात्रभर दार न उघडता पहाटे पाहिला, तर काटा उणे १४ वर. अन्न गोठवून ठेवायला उणे १८ अंश लागतात. नॉब शेवटपर्यंत फिरवला, मागची हवेची जाळी मोकळी केली (तिच्यासमोर मटारची पिशवी रचलेली होती) आणि एक दिवस वाट पाहिली, तेव्हा उणे १८ आले. आमचा फ्रीज दोन दारांचा, बर्फ न साचणारा आहे. एकाच दाराच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा बहुतेक वेळा इतका थंड होत नाही, आणि त्यात बर्फाचा थर चढला की आणखी कमी होतो. थर्मामीटर घ्यायचा नसेल तर आइसक्रीम ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी चमचा सहज शिरला तर त्या कप्प्यात सँडविच आठवड्याच्या वर ठेवू नका. नीट थंड फ्रीजरमध्ये तीन ते चार आठवडे चव टिकते. त्यानंतरही ती बिघडलेली नसतात, पण ब्रेडला जुनाट वास लागतो.

आता १५ जूनचं सँडविच. गाडीवर मिळतं तसंच केलं होतं: लोणी, हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, कच्चा कांदा. सोमवारी डबा उघडला तेव्हा काकडी पारदर्शक, टोमॅटोची नुसती साल, आणि खालच्या ब्रेडचा लगदा. काकडी-टोमॅटोत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच. पाणी गोठताना फुगतं, भाजीच्या पेशी फाटतात, आणि बर्फ वितळला की ते पाणी आत राहायला जागा उरत नाही. ते ब्रेड पिऊन टाकतो. बटाट्याच्या चकत्या रवाळ होऊन त्यांनाही पाणी सुटलं होतं. कांदा मऊ पडला आणि त्याचा वास बर्फाच्या ट्रेपर्यंत गेला. जी तीन बरी निघाली ती नुसती चटणी-चीजची होती.

तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली की गोठवलेल्या सँडविचमध्ये विचार पाण्याचा करायचा. कुठल्या जिन्नसात किती आहे, ते कुठे जाणार, आणि वाटेत त्याला अडवायचं कशाने. पुढचं सगळं याच तीन प्रश्नांची उत्तरं आहेत.

मधल्या आठवड्यात एक सल्ला सगळीकडून मिळाला: गोठवता कशाला, फ्रीजमध्ये खाली ठेवा की. तेही करून पाहिलं. दोन दिवसांत ब्रेड वातड आणि कोरडा. ब्रेड शिळा होतो तो नुसता सुकून नव्हे. भाजताना फुललेला स्टार्च पुन्हा घट्ट व्हायला लागतो, आणि शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकं फ्रीजच्या खालच्या कप्प्याच्या तापमानाला, ही क्रिया सगळ्यात जलद होते. फ्रीजरमध्ये ती जवळजवळ थांबते. त्यामुळे ब्रेड एकतर बाहेर ठेवावा नाहीतर थेट फ्रीजरमध्ये.

२२ जूनला यादी बदलली. बटाटा ठेवला, पण चकत्या बंद. अर्धा किलो बटाटे कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता, वाफेवर शिजवले. थेट पाण्यात उकडलेले बटाटे सालीच्या भेगांतून पाणी पितात. गरम असतानाच सोलून, एकही गुठळी न ठेवता कुस्करले, मग दोन चमचे तेलात मोहरी, आलं-मिरची आणि वाफवलेल्या मटारबरोबर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतले. गोळा कढईच्या बुडाला धरायचा बंद झाला की झालं. लिंबाच्या जागी आमचूर. शेवटी अर्धा चमचा जीरावन, जे इंदुरात पोह्यांवर पडतं तेच. इतर मसाल्यांचा जोर गोठल्यावर थोडा उतरल्यासारखा वाटतो, जीरावनातल्या सुंठ-हिंगाचा मात्र टिकतो. मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त लागतं, कारण हे सँडविच थंडच खाल्लं जातं.

दुसरं सारण पनीरचं. २०० ग्रॅम पनीर हाताने चुरून घेतलं. गोठल्यावर पनीरचे तुकडे स्पंजासारखे होतात, पण चुऱ्याला त्याने फरक पडत नाही. एक कांदा सोनेरी होईपर्यंत आणि एक ढोबळी मिरची तिचं पाणी आटेपर्यंत परतायची, पनीर शेवटी दोन मिनिटं. मीठ ढोबळीबरोबरच आणि आधी घालायचं, म्हणजे तिचं पाणी कढईतच सुटून आटतं. मीठ शेवटी घातलं तर तेच पाणी नंतर सँडविचमध्ये सुटतं.

चटणीत पाणी अजिबात नाही. कोथिंबिरीची एक जुडी धुऊन पंचावर पसरून पूर्ण वाळवायची. इथे घाई केली की पुढे सगळं चुकतं. तीन मिरच्या, जिरं, मीठ, आणि दोन मोठे चमचे डाळं. हे डाळंच उरलेला ओलावा धरून ठेवतं. मिक्सर फिरत नसेल तर बर्फाचा एक खडा टाका. कच्चा लसूण घालू नका, फ्रीजर आठवडाभर लसणाचा होतो.

इतकं करूनही २२ तारखेची निम्मी फसली. सारण कोमट असताना भरलं होतं. कोमट सारणाची वाफ ब्रेडच्या आतल्या बाजूला धरते, तिचा बर्फ होतो, आणि सकाळी त्याचं पुन्हा पाणी. २९ जूनपासून सारण ताटात पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास, मग २० मिनिटं फ्रीजमध्ये, आणि हाताला गार लागल्यावरच भरायचं. शिजवलेलं सारण बाहेर दोन तासांच्या वर पडू द्यायचं नाही, हा नियम यातूनच पाळला जातो.

लोण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इथे लोणी चवीपेक्षा भिंत म्हणून जास्त उपयोगी आहे. चरबीतून पाणी जात नाही. स्लाइसच्या मधोमध फासून सोडून दिलेलं लोणी काही कामाचं नाही, ते चारही कडांपर्यंत गेलं पाहिजे, कोपऱ्यांसकट. एका स्लाइसला साधारण ४ ग्रॅम, म्हणजे २४ स्लाइसना १०० ग्रॅमची एक वडी बरोबर पुरते. दोन्ही स्लाइसना लावायचं, मग चटणी, मग सारण. चटणी आधी आणि लोणी नंतर अशी चूक घाईत सहज होते. पनीरच्या सँडविचला चीजची एक स्लाइस खालच्या बाजूने द्यावी, तेवढीच दुसरी भिंत. मेयोनीजला मात्र हात लावू नका. ते तेल-पाण्याचं मिश्रण आहे, गोठलं की फुटतं आणि तेल वेगळं दिसतं. चक्कासुद्धा पाणी सोडतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, भुर्जी चालते. शेंगदाण्याचं लोणी सगळ्यात बिनधास्त, जॅम लावायचा असेल तर तो शेंगदाण्याच्या दोन थरांच्या मध्ये ठेवा, नाहीतर ब्रेडमध्ये मुरतो.

ब्रेड ताजा, लुसलुशीत घेऊ नये. तो लोणी लावतानाच फाटतो आणि दाबला जातो. आदल्या दिवशीचा ब्रेड जास्त चांगला. बेकरीत कालचं पाकीट मागितलं की "भिया, ताज़ा रखा है ना!" असं ऐकावं लागतं, पण मागायचंच. कडा कापू नका, त्या ओलावा बाहेरून रोखतात आणि डब्यात आकार सांभाळतात. ४०० ग्रॅमच्या पाकिटातून टोकं वगळून सोळाच्या आसपास स्लाइस मिळतात, त्यामुळे दोन पाकिटं लागतात. उरलेल्यांचे टोस्ट, टोकांचा चुरा कटलेटसाठी.

कापायचं आधी. गोठलेलं सँडविच सुरीला दाद देत नाही. तिरकं कापून दोन्ही कापलेल्या बाजू एकमेकींना चिकटवून पुन्हा चौकोन करायचा, म्हणजे सारण उघडं पडत नाही.

२९ जूनला वेष्टनाचंही शिकलो. पहिल्या दोन खेपांना एकच पातळ प्लास्टिक गुंडाळलं होतं. आठ दिवसांत ब्रेडच्या कडांवर पांढरे, कोरडे डाग. बर्फ न साचणारा फ्रीज दिवसातून अधूनमधून स्वतःला थोडा गरम करून बर्फ काढतो, आणि त्या चढउतारात ब्रेडमधला बर्फ न वितळता थेट हवेत उडून जातो. त्यावर उपाय दोन थरांचा: प्रत्येक सँडविच आधी बटर पेपरात घट्ट, मग चार-चार सँडविचं जाड झिप पिशवीत, आणि तळहाताने दाबून हवा काढलेली. नुसतं फॉइल नको, आमचूर-मिठाच्या सारणाला लागलं तर त्याला बारीक भोकं पडतात. पिशवीवर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि 'ब' किंवा 'प'. बॉलपेननेच लिहा, जेलची शाई दवाने पसरते. बटर पेपरचा रोल १६० रुपये, पिशव्या २८० रुपये. पिशव्या धुऊन जानेवारीतही त्याच चालू आहेत.

गोठवणं जितकं जलद, तितके बर्फाचे कण बारीक आणि ब्रेडची जाळी शाबूत. म्हणून दोन तास आधी फ्रीजर पूर्ण थंडीवर ठेवायचा, स्टीलचं ताट आतच गार करायचं, त्यावर सहा सँडविचं एकमेकांना न टेकता तीन तास. मग ती पिशवीत भरून दुसरी सहा. बारा एकदम ठेवली तर फ्रीजरच कोमट होतो. कडक झाली की पुस्तकांसारखी उभी रचायची, मागच्या बाजूला, दारात कधीच नाही.

६ जुलैच्या खेपेला पहिल्यांदा बाराच्या बारा नीट निघाली. पण तोवर शाळेची सूचना आली होती: डब्यात मांसाहार, पाकीटबंद खाऊ, प्लास्टिक आणि फॉइल नको. बटर पेपर कशात मोडतो? ३ जुलैला डायरीत लिहून विचारलं, ७ जुलैला उत्तर आलं: नको. ही अडचण दिसते तेवढी लहान नव्हती. सँडविच वेष्टनातच वितळायला हवं, कारण गार वस्तूवर हवेतलं पाणी धरतं. वेष्टन असेल तर ते वेष्टनाच्या बाहेर धरतं, नसेल तर ब्रेडवर. जुलैच्या दमट हवेत उघडं सँडविच स्टीलच्या डब्यात ठेवलं की डब्याला आतून घाम येतो आणि तो सगळा ब्रेडमध्ये.

शेवटी जुन्या सुती पंचाचे दहा चौकोन कापले. सकाळी ६:३० ला बटर पेपर काढायचा, सँडविच कोरड्या कापडात दोन वेढे गुंडाळून डब्यात. घाम कापड पितं. मधल्या सुट्टीपर्यंत पावणेचार तास होतात, तेवढ्यात सँडविच आतून गार पण मऊ होतं. कापड रोज धुऊन उन्हात, पावसाळ्यात इस्त्री फिरवून. दोन कापडं शाळेत हरवली, ती धरून चाला.

ऑफिसच्या डब्याचं गणित वेगळं. सकाळी आठला निघालेलं सँडविच दहाच्या सुमारास वितळलेलं असतं आणि जेवायला साडेतीन तास बाकी असतात. वितळलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात, आणि वितळल्यावर पुन्हा कामाला लागतात. म्हणून पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. आमच्याकडे त्यासाठी नाव आणि तारखेची चिठ्ठी लागते, आणि शुक्रवारी संध्याकाळी फ्रीज रिकामा करतात, चिठ्ठी असो वा नसो. मायक्रोवेव्ह असेल तर सँडविच ओलसर कागदी रुमालात गुंडाळून ३० सेकंद. जास्त दिलं की ब्रेड चामड्यासारखा होतो. सुट्टीच्या दिवशी घरी खायचं असेल तर फ्रीजरमधून थेट तव्यावर, अगदी मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूला चार-पाच मिनिटं. मोठ्या आचेवर बाहेरून करपतं आणि आत बर्फ राहतो.

डब्यातून न खाता परत आलेलं सँडविच पुन्हा फ्रीजरमध्ये टाकायचं नाही. जीव कळवळतो, पण नाही.

१३ जुलैला तिसरं सारण सापडलं, आणि ते इथलंच आहे: भुट्ट्याचा कीस. चार देशी कणसं किसून, तुपात हिंग-जिरं-मिरचीची फोडणी, आणि दूध नेहमीच्या निम्म्याहून कमी, फक्त पाव वाटी. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तसा पळीवाढा ठेवायचा नाही. १५ मिनिटं ढवळत, तूप सुटून गोळा होईपर्यंत आटवायचा. मक्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तिन्हींमध्ये हेच सारण सगळ्यात कमी ओलं होतं. खोबरं-कोथिंबीर वरून घालू नका. शेव तर आत मुळीच नाही, ती वेगळ्या डबीत द्यावी.

२० जुलैपर्यंत हात बसला. पहिल्या रविवारी २ तास ४० मिनिटं लागली होती, सहाव्याला दीड तासाच्या आत झालं (गोठायचा वेळ सोडून). त्या खेपेचा खर्च: ब्रेड १०० रुपये, पनीर ९०, चीज ७५, लोणी ६०, कोथिंबीर-मिरची-मटार ४०, बटाटे १५, डाळं १०. एकूण ३९० रुपये, म्हणजे एक सँडविच साडेबत्तीसला. स्वस्त नाही. पोळी-भाजी यापेक्षा कमीतच पडते. इथे वाचते ती सकाळची चाळीस मिनिटं.

विजेचं एक सांगायचं राहिलं. पावसाळ्याआधी देखभालीसाठी ठरवून तीन-चार तास पुरवठा बंद असतो, वादळात न ठरवताही जातो. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर तेवढा वेळ सहज तग धरतो, रिकामा तितका धरत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आणि एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी जाऊन बसलं असेल तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, मग पिशव्या वरून कितीही चांगल्या दिसोत, टाकून द्यायच्या.

डिसेंबरात नवीनच प्रश्न आला. सकाळी आठ-दहा अंश तापमान, आणि मधल्या सुट्टीत सँडविचच्या मध्यभागी अजून बर्फ. त्यात थंडीमुळे शाळेची वेळ ९ ची झाली आणि मधली सुट्टी ११:३० ला गेली, तरी पुरेना. आता रात्री नऊला दोन सँडविचं फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवतो, बटर पेपरसकट. एका रात्रीत ब्रेड थोडा ताठरतो, म्हणून सकाळी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर. गरम झाला की तोच स्टार्च पुन्हा सैल पडतो. मग जाळीवर पाच मिनिटं गार करून कापडात. गरमच गुंडाळलं तर पुन्हा वाफ, पुन्हा लगदा.

एप्रिल-मे अजून यायचेत. तेव्हा शाळेच्या डब्यात पनीर बंद ठेवायचं आणि फक्त शेंगदाण्याचं लोणी द्यायचं असं ठरवलंय. ऑफिसच्या डब्यासोबत बर्फाची छोटी बाटली जाईल. मार्चच्या शेवटच्या रविवारी थर्मामीटर पुन्हा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचाय, कारण बाहेर चाळीस अंश असताना नॉब शेवटच्या आकड्यावर असूनही उणे १८ येतातच असं नाही.